लंबूचा कोट

मास्तर ‘आपल्याकडे’ म्हणाले, की कुठल्या देशाबद्दल चाललंय हे मास्तरीणबाईंना विचारूनच घ्यावं लागे. परदेशातल्या शिलाईच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढून दोघं परतली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण तिकडची थंडी, तिकडचा पाव, तिकडची भाड्याची दीड खोली अजून ‘आपली’च.

“अहो, आपण आपल्याकडेच आहोत,” बाई म्हणायच्या.

आता मास्तरांनी आठ दिवस तिकडे जाऊन यायचं ठरवलं होतं. तिकिटांचा पत्ता नव्हता, पण बॅग पलंगाखालून निघून खोलीच्या मधोमध येऊन बसली होती. “उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग,” असं म्हणत बाईंनी स्वतःचा स्वेटरही हळूच तिच्यात सरकवला.

जायचं ते लंबूसाठी. शेजारच्या मशीनवरचा हा तिकडचाच माणूस दारातून वाकून आत येई, म्हणून मास्तरांनी त्याला लंबू म्हटलं आणि सगळा कारखाना त्याला तीच हाक मारू लागला. निघताना मास्तरांनी त्याला शब्द दिला होता, की परत येईन तो तुझा कोट घेऊनच.

“फोन करून माप तरी विचारा,” बाई म्हणाल्या.

“लंबूचं माप? अगं, घास घेताना आपण तोंडाचा पत्ता विचारतो का?”

एकदा टेप लावलेलं अंग विसरणं मास्तरांच्या लेखी नामुष्कीच होती. त्यांनी कोट बेतला, शिवला, अस्तर लावलं, काजं केली, इस्त्री मारून दारामागे टांगला.

“कोट कसला, तंबू आहे,” बाई म्हणाल्या.

“तू लंबूला विसरलीस,” मास्तर खुशीत म्हणाले.

मग येतोय हे कळवायला त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. लंबूच्या मुलीने फोन वडिलांपुढे धरला. खुर्चीत, उशांना टेकून, एक वाळलेला म्हातारा बसला होता. लंबू मागून येईल म्हणून मास्तर थोडं थांबले. तेवढ्यात म्हातारा खो खो हसला, आणि ते हसणं लंबूचंच होतं.

“मी होतो तस्साच आहे हं,” लंबू म्हणाला. “कोट शिवतोयस ना?”

“शिवतोय की!” मास्तर म्हणाले.

मुलीने फोन स्वयंपाकघरात नेला आणि आवाज खाली केला. मोठं आजारपण झालं होतं. आता बरे आहेत, पण खुर्ची सोडत नाहीत. डॉक्टर म्हणतात उभे राहा, तर हे म्हणतात, कशाला?

फोन ठेवून मास्तर रडले, चांगले हुंदके देऊन रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं, चहा दिला आणि दारामागचा कोट काढून आणला. मास्तरांनी एक बाही उसवायला घेतली, तशी बाईंनीही चष्मा चढवून दुसरी पुढ्यात ओढली.

“आता तरी माप विचारणार ना?”

“विचारायचं कशाला? जाऊन घेऊ.”

“आठ दिवसांत?”

“महिनाभर राहू.”

“मग माझा दुसराही स्वेटर येतोय,” बाई म्हणाल्या आणि जोरात दोरा ओढला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा फोन लावला.

“लंबू, कोट झालेला नाही. कापड घेऊन येतोय, तुझ्या अंगावरच बेतणार. ट्रायल द्यावी लागेल.”

“घे की. मी इथेच आहे.”

“बसून ट्रायल घेतलेली कधी पाहिलीस का? तूही शिंपीच ना?”

मग लंबूने विचारलं, “किती वेळ उभं राहावं लागेल?”

“कॉलर नीट बसेपर्यंत.”

“तुझी कॉलर पहिल्या फटक्यात कधी बसली आहे?” लंबू म्हणाला आणि त्याने मुलीला हाक मारून वॉकर मागितला.