शाईचा धागा

देवापुढच्या उदबत्तीचा धूर वीतभर अगदी सरळ चढतो, मग एकाएकी बिचकतो आणि त्याची वेटोळी होतात. ते बघताना मी आजही श्वास रोखून धरते. ही सवय केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली.

प्रयोगशाळेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, सकाळीच टाकी भरून ठेवायचे. "आधी पाणी थिरावू दे," म्हणायचे. मग ते पाणी काचेच्या लांब नळीतून हळूहळू सोडायचं आणि त्याच्या मधोमध जांभळी शाई. शाईचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधल्यासारखा सरळ! पहिल्याच दिवशी पाण्याच्या वेगाचा आकडा टिपून घ्यायला मी टेबलावर कोपर टेकलं, आणि धागा थरथरून विस्कटला.

"कोपर काढ गं!" मामा ओरडले. एवढासा धक्का, पण पाण्याला तो कळला होता.

धागा पुन्हा जुळला. मामा तोटी जरा जरा उघडत वेग वाढवत गेले. धागा नागमोडी झाला, तुटला, आणि सगळी नळी जांभळी झाली. साधारण किती वेगाला तो तुटेल, हे आमच्या सूत्रात होतं. पण मामा माझ्याहून जवळ, नळीवर वाकून बघत होते.

"मामा, तुम्ही तर रोज बघता."

"रोज बघतो. पण नेमका कुठे तुटणार, हे अजून एकदाही मला आधी सांगता आलं नाही."

आज इथेच तुटणार म्हणून मी उदबत्तीशेजारी हवेत बोट धरलं. धूर बोट ओलांडून सरळ वर गेला.