आपल्या माणसाचं ताट

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी धुकं, गवतावर दव. दुपारी ऊन कडक. वारा डोंगराकडून, म्हणून कारखान्यांचा वास नाही.

आमच्या होस्टेलात प्रत्येक सत्राच्या शेवटी एकट्या पडलेल्या चपलांचा ढीग जमतो. डावी आहे तर उजवी नाही. कोणी नेत नाही, कोणी टाकूनही देत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. एकेक कोपऱ्यात पडत राहतो आणि एक दिवस दार उघडायला जावं तर दारच उघडत नाही! आज ते दार उघडायला बसलेय. आज दुपारचा किस्सा मात्र शेवटी.

आधी आम्ही कोण ते सांगते. बोईसरहून आत, डोंगराच्या बाजूला सिस्टर लोकांचं मुलींचं होस्टेल आहे. पाड्यांवरच्या मुली इथे राहून शिकतात. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. मुलींचा खर्च परदेशातले लोक उचलतात. एका मुलीमागे तिकडची एक आंटी, नाहीतर एक अंकल. मी केळव्याजवळच्या माहीमची, इथली मेट्रन. मुली मला ताई म्हणतात. स्वयंपाकघरात चिंचणीची कुसुमबाई, जीपवर अंतोन आणि आम्हा सगळ्यांवर सिस्टर रोझलिन. प्रेम इथे पुष्कळ आहे. पण एकमेकांवर जळण्यातही कोणी मागे नाही!

*

आंटीचा फोटो आला की मुली तो उशीखाली ठेवतात. सुट्टीच्या दुपारी मग फोटोंची लढाई लागते.

“माझ्या आंटीकडे घोडा हाय!”

“माझ्या आंटीच्या दारात बर्फ हाय, गुडघ्याएवढा!”

“माझ्या अंकलला पोटापर्यंत दाढी हाय!”

दुसरीतल्या मंगीला फोटो आला तो चर्चच्या पायऱ्यांचा. पायऱ्यांवर चाळीसेक माणसं उभी. तिकडच्या एका अख्ख्या गावाने मिळून तिचा खर्च उचलला होता. घोडेवालीने आपला फोटो उशीखाली सारला, बर्फवालीनेही.

“एवढे सगळे तुझे?”

मंगीचा आठवडाभर जो भाव होता, काय विचारता! दाढीवाल्या अंकलची मुलगी तर अंकल देऊन त्यातल्या दोन आंट्या मागत होती.

आठवड्याने मंगी फोटो घेऊन माझ्याकडे आली. हळू आवाजात म्हणाली, “ताई, यातली माझी वेणी घालणारी कोणती?”

मी फोटो हातात घेतला आणि म्हटलं, “ती फोटोत नाही, फोटो बघतेय!”

*

एका एप्रिलात पार्सल आलं. लोकरीचे स्वेटर आणि कानटोप्या! बाहेर डांबर वितळत होतं. पण सिस्टर म्हणाल्या, “त्यांनी हाताने विणलंय. घालून फोटो पाठवायलाच हवा.”

मुलींना रांगेत उभं केलं. अंतोन फोटो काढणार. त्याला ऊन समोरून हवं होतं, मागून नको होतं, मग जरा बाजूने हवं होतं. तोवर मुलींच्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या.

तिकडून उत्तर आलं. फोटो फार आवडला, पण मुली बिचाऱ्या पावसात भिजलेल्या दिसतात. पुढच्या पार्सलात रेनकोट आले!

त्या वेळी कुसुमबाई चार दिवस रुसली होती. “आमी राबायचं आनि टोप्या पोरींना!” शेवटी सिस्टरांनी उरलेली सगळ्यात मोठी टोपी तिला दिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर कुसुमबाई त्या टोपीने चुलीवरचं पातेलं उतरवतेय.

“अगं, ती डोक्यात घालायची!”

“ताई, फॉरेनची हाय. हात भाजत नाय!”

*

अंतोनचं जळणं जीपवरून. आतल्या एका गावच्या होस्टेलला परदेशातून नवी कोरी गाडी मिळाली आणि आमची जीप धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. ती नवी गाडी रस्त्यात दिसली की अंतोन मान फिरवायचा.

गेल्या वर्षी तिकडून दोन साहेब पाहणीला येणार होते. अंतोनने जीप आठ दिवस धुतली नाही. सिस्टर ओरडल्या, तर म्हणतो, “असू दे सिस्टर. आपली परिस्थिती त्यांना कळू दे. रस्त्यात तीन वेळा बंद पडली पायजे. मी चर्चमधल्या माउलीला नवस बोललोय!”

साहेब बोईसर स्टेशनला उतरले. जीप एका किल्लीत सुरू झाली. चढावर धाप नाही, वळणावर आवाज नाही. साहेबांनी उतरून बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, “व्हेरी गुड व्हेइकल!”

ते आत गेले आणि जीप जागच्या जागी बंद पडली.

अंतोन स्टेअरिंगवर डोकं ठेवून म्हणाला, “हिला पन फॉरेनवाल्यांसमोर छान दिसायचं असतं!”

*

आता माझं.

आमच्याकडे एक रीत आहे. नाताळच्या सुट्टीआधीच्या रविवारी मोठी पंगत बसते. त्या दिवशी प्रत्येक मुलगी एक ताट स्वतः वाढते आणि आपल्या एका माणसापुढे नेऊन ठेवते. आईबाप आले असतील तर त्यांच्यापुढे. ते भट्टीवर असतील तर मुलगी म्हणेल त्याच्यापुढे. आधी विचारायचं नाही, सुचवायचं नाही. हे आपल्या माणसाचं ताट.

सुनंदा पहिलीत आली तेव्हा तिला समुद्राचा मासा माहीत नव्हता. ओढ्यातले खेकडे खाऊन वाढलेली पोर. पहिल्याच आठवड्यात बोय माशाचा काटा तिच्या घशात अडकला. भाताचे घास गिळवून तो उतरवला. तेव्हापासून तिचे काटे मी काढायचे, असा नियमच झाला. नववीत गेल्यावर तिला धाकट्या मुलींसमोर लाज वाटू लागली आणि तो बंद झाला. दुसरीपासून गेल्या वर्षापर्यंत तिचं ताट माझ्यापुढे आलं. यंदा ती दहावीला आहे. परीक्षा झाली की पालघरला कॉलेजात जाईल. म्हणजे हे शेवटचं ताट.

आणि यंदाच तिची हेल्गा आंटी स्वतः आली!

*

आंटी सत्तरीची, उंच, गुलाबी, फार हसरी. वाईट असती तर किती बरं झालं असतं! आल्या दिवशी तिने सुनंदाचे केस विंचरले आणि वेणी घातली. वेणी कसली, सुंभ! एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने सुटलेली.

संध्याकाळी मी म्हटलं, “ये गं, नीट घालून देते.”

“राहू दे ताई. आंटीने घातलीय.”

तीन दिवस ती तशीच राहिली. तीन दिवस! माझ्या होस्टेलात रोज सकाळी प्रार्थनेआधी वेणी घालायचीच, असा नियम आहे.

कुसुमबाई तांदूळ निवडताना म्हणाली, “ताई, तुमचं तोंड आज करपल्या भातासारखं झालंय.”

“धूर लागलाय.”

“चूल तर अजून पेटवली नाय मी!”

आंटीला केळव्याच्या समुद्रावर नेलं. ती आणि सुनंदा हातात हात घालून पाण्यात उभ्या. अंतोन माझ्याशेजारी येऊन म्हणाला, “बघा ताई. तुमाला पन नवी गाडी दिसली!”

मी त्याच्याशी परत येईपर्यंत बोलले नाही.

*

मग पंगतीचा बेत ठरवायला बसलो. सिस्टर म्हणाल्या, “यंदा चिकन करू या. आंटीला काट्यांचा मासा जमणार नाही.”

मी म्हटलं, “सिस्टर, या पंगतीला दरवर्षी बोयचं कालवण असतं. मुली वाट बघतात. सुनंदाच्या तर आवडीचा मासा आहे.”

“पण आंटी?”

“आंटीला आपली रीत बघायचीय ना? मग बघू दे!”

सिस्टरांना ते पटलं. बाहेर आल्यावर कुसुमबाईने पदराला हात पुसत माझ्याकडे बघितलं.

“मासा पोरींसाठी हाय का आंटीसाठी?”

“मुलींसाठी.”

“बरं,” ती म्हणाली. “मग काटेवाले बघून आनते.”

*

आज दुपारी पंगत बसली. मोठी माणसं भिंतीलगत चटयांवर, मी नेहमीच्या जागी, खांबाजवळ. सिस्टरांनी हेल्गा आंटीला आणलं आणि नेमकं माझ्यासमोरच्या रांगेत बसवलं. तिला मांडी घालता येईना. पाय कुठे ठेवावे या विचारात ती सगळ्यांकडे बघून हसत होती. अंगावर निळी साडी. नेसवली कोणी? सुनंदाने.

मुली ताटं घेऊन येऊ लागल्या. मंगीची आई भट्टीवरून एका दिवसासाठी आली होती, तिचं ताट तिकडे गेलं. कुसुमबाईला एका चौथीतल्या मुलीने ताट दिलं. कुसुमबाईने डोळे पुसले आणि वर तिलाच दटावलं, “मीठ कोन वाढनार गं?” अंतोनपुढे तर दोन ताटं आली. त्याने ती दोन्ही मला दिसतील अशी मांडून ठेवली.

मग सुनंदा दारात आली. तीच वाकडी वेणी. ताटात भात, कालवण, दोन अख्खे मासे, लिंबाची फोड. ती सावकाश चालत दोन रांगांच्या मधोमध आली आणि उभी राहिली. माझ्याकडे तिची एक बाजू होती, आंटीकडे दुसरी. मी पदर सारखा केला. पाण्याचा तांब्या उगाच बाजूला सरकवून पुढे जागा केली.

सुनंदाने ताट आंटीपुढे ठेवलं.

आंटीने तिचा हात धरला आणि गालाला लावला. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. समोरून कुसुमबाई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आंटीने माशाचा मोठा तुकडा तोडला आणि तोंडाकडे नेला.

“नो, आंटी, नो!” सुनंदाने तिचं मनगट पकडलं. मग वळून तिने मला हाक मारली. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी.

“ताई! इकडे ये ना. तिला काटे काढता येत नाय. तू काढून दे.”

मी उठले आणि आंटीच्या शेजारी जाऊन बसले. ताटात दोन मासे होते. दोन्हींचे काटे काढले. आंटीने दोन्ही खाल्ले.

सुनंदा स्वतःचं ताट घेऊन आली, आमच्या दोघींच्या मध्ये बसली आणि धाकट्या मुलींच्या देखत तिने ते माझ्यापुढे सरकवलं. त्यात एक मासा होता. त्याचेही काढले.