वकीलसाहेबांच्या खुणा

अलिबागच्या कोर्टात वकिलांची पुस्तकखोली होती. तिथं मी उमेदवारीला लागलो तेव्हा मॅट्रिक झाल्याची ऐट माझ्या अंगात मावत नव्हती. महिनाभर काम बघू, जमलं तर ठेवू, नाहीतर दिवेआगरला परत, असं ठरलं होतं. परत जायचं म्हणजे सासऱ्यांना तोंड दाखवायचं. ते मला मरणाहून नको होतं.

मला शिकवणारे ग्रंथपाल पट्टेवाल्याच्या नोकरीतून वर आलेले. पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसता पुसता ते इंग्रजी शिकले. मी मनातल्या मनात हसलो होतो, मूर्खच होतो. रोज दुपारी ते मला कोर्टात मागच्या बाकावर बसवत. म्हणत, "पुस्तक कुठं हाय, ते कपाटालाबी ठावं. ते कोनाला कवा लागंल, ते आपल्याला ठावं पायजे."

एका संध्याकाळी ते लवकर घरी गेले आणि मला सफाईचा झटका आला. टेबलावरच्या निकालांच्या नऊ खंडांत झावळीच्या सुक्या पात्या सापडल्या. उंदरांची करामत समजून मी त्या ओढून काढल्या, केरात टाकल्या आणि खंड कपाटात लावून टाकले.

सकाळी हा पराक्रम मी त्यांना सांगितला. त्या पात्या कसल्या होत्या, ते तेव्हा त्यांनी मला सांगितलं. समुद्रावरच्या वाऱ्यानं कागदाच्या चिठ्ठ्या उडतात, म्हणून नागावचे एक वकील आपल्या माडांच्या वाडीतल्या पात्या पानांत खुणेला घालत. त्याच दिवशी अकरा वाजता त्यांचा युक्तिवाद होता आणि ते नऊ खंड त्यासाठीच काढलेले होते.

आता गाशा गुंडाळा, असं मी स्वतःला म्हटलं. ग्रंथपालांनी एवढंच विचारलं, "दावा कसला हाय?"

"वाडीतून जायच्या वाटेचा." बाकावर बसून ऐकलं होतं ना!

"मंग वाटेचे निकाल काढ."

खंड कोणते ते मला आठवत होते, पानं नव्हती. आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलो. दहापर्यंत सात पानं सापडली.

तेवढ्यात वकील आले. "माझ्या खुणा कोणी काढल्या?"

मी तोंड उघडायच्या आत ग्रंथपाल उभे राहिले. "माझ्या हातनं झालं, साहेब."

भर खोलीत वकिलांनी त्यांना नको नको ते सुनावलं. मी कपाटाला टेकून गप्प उभा. त्याची लाज अजून वाटते. ग्रंथपालांवर माझा जीव का होता, हे सांगायला मला दुसरं काही लागत नाही.

वकील काळा डगला चढवायला गेले तसा मी ग्रंथपालांना म्हणालो, "मी जाऊन खरं सांगून येतो."

त्यांनी आठवा खंड माझ्या हातात कोंबला. "सांगशील मागाहून. आधी ऱ्हायलेली दोन पानं काढ. त्यो मानूस कोर्टात उभा ऱ्हानार हाय."