कशाची लस?

सिंधूमावशींचा चिठ्ठीवर विश्वास नसे. पोत्याला चिठ्ठी असो, वर शिक्का असो, त्या सुतळी सोडायच्या, कोपरापर्यंत हात आत घालायच्या आणि तळातलं मूठभर बियाणं तळहातावर पसरून बघायच्या. "वरचं सगळेच चांगलं ठेवतेत," म्हणायच्या. जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या बियाण्यांच्या कंपनीत त्या निवडीच्या कामाला होत्या, मी उगवण तपासायच्या खोलीत. मी दिलेला चहासुद्धा त्या आधी हुंगायच्या. मुकादमाला त्यांचा राग यायचा. खरं सांगते, कधीकधी मलाही यायचा. गेल्या वर्षी त्या अंबडला लेकीच्या घरी वारल्या.

त्याच्या बऱ्याच आधी, एका सकाळी फाटकाजवळ कुत्र्याने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला. सोडवायला धावलेल्या रफिकभाईंच्या, म्हणजे आमच्या वॉचमनच्या, हातालाही ते चावलं. मुकादम दोघांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत घेऊन आला.

"लस दिली दोघांना," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता प्रतिकारशक्ती तयार होईल. चला कामाला."

"कशाची लस?" मावशींनी विचारलं.

"अहो, लस म्हणजे लस!"

"जखमेतून वाहती ती बी लसच. तुमची कशाची ते सांगा ना."

बाया हसल्या. मुकादम माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "सुट्टीसाठी नाटकं." मलाही अर्धंमुर्धं तसंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मावशींनी दवाखान्याची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. अक्षर गिचमिड होतं, पण औषधाचं नाव ओळखीचं होतं. पत्रा लागून माझं बोट कापलं होतं, तेव्हा मलाही तेच दिलं होतं.

"मावशी, हे धनुर्वाताचं आहे. कुत्र्याचं नाही."

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. डबा तसाच झाकून त्या लंगडत फाटकाकडे निघाल्या.

रफिकभाई म्हणाले, "मावशी, सुई तो लग गयी ना? अब फिर कायकू?"

"ती पत्रा लागल्यावर देतेत. कुत्र्याची वेगळी. चला."

"गेट छोडके? नौकरी गई तो?"

तेवढ्यात मुकादम आला. "डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का तुम्हाला?"

"न्हाई कळत," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर इचारायला जाऊन राह्यले."

मी दोघांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सताईंनी चिठ्ठी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि आधी दोघांच्या जखमा साबणाने पुन्हा धुवायला लावल्या. मग दंडात लस दिली. दुसरी सुई भरून त्या पोटरीकडे वाकल्या तशी मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. लस झाली ना? मंग हे काय?"

"हे सीरम. जखमेतच टोचायचं."

"एकदा लस म्हणता, एकदा सीरम म्हणता. कोणतं खरं?"

मागे रांग वाढत होती. तरी नर्सताई थांबल्या. "लस शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला दिवस लागतात. तोवर विष पुढं सरकेल. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात, ती आत्ताच जखमेत अडवतात."

"म्हणजे ही तयार आणि ती शिकाऊ?"

"तसं समजा."

"मंग असं आधी सांगावं," म्हणत मावशींनी मनगट सोडलं. सुई शिरताना त्या ओरडल्या नाहीत. रफिकभाई मात्र ओरडले.

चौथ्या दिवशी ते कुत्रं कंपनीच्या मागे मेलेलं सापडलं. कशाने मेलं ते कुणी तपासलं नाही. त्यानंतर मुकादमाने दोघांच्या लसीच्या पुढच्या फेऱ्यांना एकदाही हरकत घेतली नाही.

शेवटच्या फेरीला मी पुन्हा बरोबर होते. सुई झाली तरी मावशी उठेनात. नर्सताईंना म्हणाल्या, "कोरोनाची लस घेऊन बी लोकांना कोरोना व्हायचा. मंग ती कशाची लस होती?"

नर्सताईंनी खुर्ची ओढली. "रोग शिरूच न देणं वेगळं आणि शिरला तरी जिवावर बेतू न देणं वेगळं. ती लस पहिलं काम थोडं करायची, दुसरं जास्त. वय झालेल्यांना, साखर असलेल्यांना त्याचाच तर आधार होता."

मावशींनी मान हलवली. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या मालकाला, लेकीच्या बापाला, साखर होती. गावात शाळेत लस देऊन राह्यले व्हते, आम्ही दोघं रांगेत उभे. मी टेबलावरच्या माणसाला इचारलं, टोचल्यावर कोरोना व्हनारच न्हाई का? तो म्हणला, होऊ शकतो, पण... लई कल्ला व्हता. मला वाटलं, फसवून राह्यलेत. मालकाला हाताला धरून बाहेर काढलं. महिन्याभरात कोरोनानं गेले."

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

"'पण'च्या पुढचं ऐकायला थांबलेच न्हाई मी, बाई. आज ऐकलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, लस घेऊनही काही माणसं गेली. ते वाचलेच असते असं नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तुला ठाऊक हाय, का मला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यलीस?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "आणि बरं वाटावं म्हणूनही."

बराच वेळ त्या माझं तोंड निरखत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले, "बराबर," म्हणाल्या, आणि उठण्यासाठी माझ्यापुढे हात केला.