बहाव्याच्या बुंध्यात पंधरा किलो मीठ

नायगावला डेल्फिन तुस्कानो यांच्या नारळाच्या वाडीवर १९९६ साली इमारत उभी राहिली. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला, पश्चिमेच्या खिडकीचा. त्याच वर्षी नवरा फ्रेडरिक पक्षाघाताने अंथरुणाला खिळला. पलंग मावेल अशी जागा त्या खिडकीखालीच होती. ऊन दुपारी दोनला त्याच्या पायांवर यायचं, चारला तोंडावर. डेल्फिनबाईंनी खिडकीबाहेर बहाव्याचं रोप लावलं.

सहा वर्षांत सावली पलंगापर्यंत आली. फूल मात्र एकदाही आलं नाही. सोसायटीला ती जागा गाड्यांसाठी हवी होती.

"वांझ झाड पोसताय, बाई," बैठकीत कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. डेल्फिनबाईंना मूल नव्हतं. ठराव झाला: येत्या मेपर्यंत फुललं तर राहील, नाहीतर तोडायचं.

नारळ न धरणाऱ्या माडाच्या बुंध्यात पाऊस ओसरला की खडे मीठ पुरायचं, हे त्यांच्या सासऱ्यांनी जन्मभर केलं होतं. ऑक्टोबरात डेल्फिनबाईंनी बहाव्याभोवती चर खणला आणि दहा किलो मीठ ओतलं. सेक्रेटरी जयवंत सामंत खुर्ची टाकून बघत होते. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेले.

"एवढंच?"

"कमी झाला काय, भाऊ?"

"मोठं झाड आहे. अजून पाच किलो घाला. वरून पाणी द्या."

त्यांनी घातलं. पाणीही दिलं.

डिसेंबरात पानं कडेने करपली, जानेवारीत झडली. बहावा फुलण्याआधी पानं टाकतोच, यंदा जरा लवकर, असं त्या फ्रेडरिकला सांगत राहिल्या. एप्रिलअखेर जवळच्या माणिकपूरचे बहावे पिवळे झाले. डेल्फिनबाईंनी नखाने साल खरवडून पाहिली. आत तपकिरी, कोरडं.

करवतवाले आले त्या दिवशी सामंत म्हणाले, "मीठ माडाला चालतं, बाई. याला विष."

"तवा का नाय बोलले?"

"तुम्ही कुठे विचारलंत? कमी झालं का, एवढंच विचारलंत."

आठवड्यात तिथे फरशी बसली. पहिली गाडी सामंतांची लागली.

आता दुपारी दोनला डेल्फिनबाई पलंग ओढत स्वयंपाकघराच्या दारात नेतात. तिथून पुढे शेगडी, मागे ऊन. सूर्य मावळेपर्यंत फ्रेडरिक तिथेच असतो. पलंग हलताना तो ओरडतो, म्हणून फ्लॅटचं दार आधी लावून घ्यावं, असं सोसायटीने त्यांना लेखी कळवलं आहे.