कचेरीतलं बिऱ्हाड

कर्जतला आम्ही भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत पूर्वी मामलेदार कचेरी भरायची. कचेरी नव्या इमारतीत गेली आणि जुनी इमारत ज्या भाताच्या व्यापाऱ्याची होती, त्यानं ती दुरुस्त करून बिऱ्हाडं ठेवायचं ठरवलं. कौलं बदलली, शहाबादी फरशी घातली, भिंतींना नीळ कालवून चुना दिला, दारांना हिरवा रंग लावला. घर दाखवताना प्रत्येक दार तो दोनदोनदा उघडून मिटून दाखवत होता. साहेब बसायचे तो लाकडी चौथरा आणि त्याच्यापुढचा सागवानी कठडा मात्र त्यानं तसाच ठेवला होता. "असलं लाकूड आता मिळायचं नाही वहिनी, मोडायला जीव होत नाही," म्हणाला. मी त्या कठड्यावर लुगडी वाळत घालू लागले.

हे शाळेत मास्तर होते. लग्नानंतर वर्षभर हे कर्जतला खानावळीत जेवत होते आणि मी खालापूरकडे सासरी चौदा माणसांचा स्वयंपाक करत होते. त्यामुळे या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला किती आनंद झाला, ते मी लपवणार नाही. पहिल्याच दिवशी मी मनाला येईल तेव्हा चहा केला, आणि दोनदा केला.

हा आनंद टिकणार की नाही, ते सासूबाईंच्या हातात होतं. त्यांचा निरोप आला होता की शिमगा झाला की येऊन बघते. घर पटलं तर ठीक, नाहीतर सुनेला माघारी नेते. "जिथं लोकांनी शिव्याशाप दिले तिथं कुणी संसार मांडतं का?" असंही त्यांनी सांगून पाठवलं होतं. मी त्याच दिवशी देवाला नारळ बोलले.

कारण शाप नसले तरी लोक होतेच. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून, डोंगरातल्या वाड्यांतून माणसं यायची आणि बापजाद्यांपासून पायाखालच्या वाटेनं थेट आमच्या घरात शिरायची. वहाणा दाराबाहेर काढायची, पडवीत उकिडवी बसायची आणि विचारायची, "सायेब कवा येनार?" कचेरी हलली म्हणून मी सांगायची. ते मान डोलवायचे आणि बसूनच राहायचे. "लांबनं आलू बाय, वाईच पानी दे." एकदा मी भाकऱ्या थापत असताना एक म्हातारा थेट चुलीपर्यंत आला आणि त्याचा कागद माझ्या परातीशेजारी ठेवून हात जोडून उभा राहिला. यांनी मग दारावर सुरेख अक्षरात पाटी लावली, 'कचेरी येथे नाही'. ज्यांना वाचता येत नव्हतं ते आधीसारखेच आले. ज्यांना थोडं वाचता येत होतं ते पहिला शब्द लावून जास्तच खात्रीनं आले.

सासूबाई खोपोलीच्या गाडीनं आल्या त्या नेमक्या बाजाराच्या दिवशी. हे शाळेत गेले होते. त्यांना आत घेऊन मी शहाणपणानं पुढचं दार लावून कडी घातली. सासूबाईंनी मोरी पाहिली, चूल पाहिली, भिंतीवर बोट फिरवून चुना लागतो का पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "दिवसाढवळ्या दार लावून कोन बसतं गं? घरात काय मयत हाय?" त्यांनी स्वतःच कडी काढली, चौथऱ्यावर ऐसपैस बसल्या आणि अडकित्ता काढून सुपारी कातरू लागल्या. मी देवाचं नाव घेत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळायला आत गेले.

दोन भाकऱ्या झाल्या असतील नसतील, बाहेर आवाज चढले. झालं, सगळं संपलं, म्हणून मी पिठाच्या हातांनीच धावले. पाहते तर दोन शेतकरी भाऊ कठड्याला धरून माझ्या ओल्या लुगड्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि सासूबाई चौथऱ्यावरून त्यांना विचारत होत्या, "एकेकानं बोला. थोरला कोन?"

भांडण कवळीवरून होतं. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या वाफ्यावर झाडांच्या वाळलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. थोरला सासुरवाडीला गेला असताना धाकट्यानं सामाईक बांधावरच्या ऐनाच्या झाडाची सगळी कवळ तोडून आपल्या वाफ्यावर नेली होती.

"शेंडा राखलास का रं?" सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं.

धाकट्यानं मान खाली घातली. "नाय बाय."

"म्हंजे झाड बोडकं केलंस! पुढल्या साली तुज्या राबाला काय तुजं टकुरं जाळायचं?"

थोरल्याला हसू फुटलं, तशी त्या त्याच्याकडे वळल्या. "दात नको काढू. तू मागल्या साली याला इचारून तोडलीस काय?" आता दोघांच्याही माना खाली गेल्या. मग त्यांनी निकाल दिला. कवळ निम्मी निम्मी वाटून घ्यायची. पुढचं वर्ष झाडाला हात लावायचा नाही, त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्यानं तोडायची, शेंडा राखून. "आन दोगांचे राब येकाच दिशी भाजा. वारा सुटला तं इझवायला दोन मानसं लागतात."

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. धाकट्यानं आजूबाजूला पाहत विचारलं, "अंगठा कुठं उठवायचा?"

"अंगठा ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. पानी पी आन जा."

ते गेले, पण तोवर पडवीत आणखी तिघं बसले होते. एकाचं बकरीचं प्रकरण होतं, एकाचं सोयरिकीचं, आणि तिसऱ्याचं काही नव्हतंच, त्याला नुसतं ऐकायचं होतं. माझं पीठ वाळून गेलं. दुपार टळल्यावर हे शाळेतून आले, दारात थबकले आणि स्वतःच्या आईपुढे वहाणा काढून बाहेरच उभे राहिले. मला त्या अवस्थेतही हसू आवरेना.

संध्याकाळी जेवणं झाली. सासूबाईंचा घराबद्दलचा निकाल अजून यायचा होता. यांनी हात पुसता पुसता मला विचारलं, "हेडमास्तर म्हणतात, मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग घ्या. घेऊ का? तू सांग."

"घ्या," मी म्हटलं, "पण आठवड्यातून दोनच दिवस." हे बरं म्हणाले आणि विड्याचं पान लावत बसले.

सासूबाईंनी आपलं गाठोडं पुढे ओढलं. मी समजले. उठून माझी पेटी काढली, घडी घातलेली लुगडी तिच्यात ठेवू लागले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून पाठ करून बसले होते.

"ती पेटी ठेव खाली," त्या म्हणाल्या. "मी येकटीच जानार हाय सकाळच्या गाडीनं."

मी वळले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"तुजा सासरा गेल्यापासनं घरात समदं माजं थोरलं भावजी ठरवतात. बी कंचं घ्यायचं, कंच्या वाफ्यात टाकायचं. इतकी वर्सं चिखलात उभी ऱ्हायले, पन मला कुनी पुसलं नाय गं. आज परकी मानसं येऊन मला इचारून गेली. आन आत्ता माज्या पोरानं तुला इचारलं. मी बघितलं. मंग तुला तिकडं नेऊन माज्यासारखी गप बसवू व्हय?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "आत्याबाई, सकाळी भाकरीबरोबर काय करू? तुम्ही सांगा."

त्यांनी बराच वेळ विचार केला.

"पिठलं कर," म्हणाल्या. "तिखट."