भाऊचं राहिलेलं पान

माणूस गेला की त्याचे किस्से घरी यायला लागतात. भेटायला येणारा प्रत्येक जण एक घेऊन येतो, चहासोबत सांगतो आणि आमच्याकडेच टाकून जातो. भाऊला जाऊन दोन महिने झाले. आई म्हणते, तो या खोलीत मावत होता, हे मावत नाहीत.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, दिनेश. सुरतच्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गोदामाच्या वर एक कॉम्प्युटरचं ऑफिस आहे, तिथे तो कामाला होता. एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारे प्रोग्राम. ते मध्येच काम विसरतात. म्हणून ऑफिसने त्यांच्यासाठी यादी सांभाळणारं टूल बनवलं: काय करायचंय, काय चालू आहे, काय झालं. ते कसं वापरायचं, हे सगळं भाऊने लिहिलं. एकच पान राहिलं. ते आता मशीनकडून लिहून घ्यायचं आणि सगळ्यावरून भाऊचं नाव काढायचं, असं शेठने ठरवलंय.

मी काढू देणार नाही.

*

मी आठवी नापास. मार्केटमध्ये पार्सलचा टेम्पो चालवतो. दुपारी डबा घेऊन भाऊकडे जायचो. जेवताना तो आपलं इंग्रजी मला अहिराणीत सांगायचा. मी "माले समजनं नही" म्हटलं की ओळ कापायचा आणि पुन्हा लिहायचा. ऑफिसातल्या शिकलेल्यांना विचारायचा नाही. म्हणायचा, ते न समजताच मान हलवतात.

एका ओळीवर मी पाच दिवस अडलो. खरं तर दुसऱ्याच दिवशी समजली होती. पण एरवी तो अर्धी भाकर स्क्रीनसमोर खायचा, आणि ते पाच दिवस माझ्यासमोर बसून पूर्ण डबा संपवत होता.

हे त्याला सांगायचं राहून गेलं.

*

एकदा तो घरी बाबांना नियम समजावत होता की एजंटने एका वेळी एकच काम चालू ठेवायचं, ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. बाबा लिंबायतला कापडाच्या लूमवर आहेत. उभं आयुष्य एकटे दहा-दहा लूममध्ये पळतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"आणि याले लोके हुशार म्हंतस?"

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. छातीवर हात ठेवून बसून राहिला. आम्हीही हसत होतो.

*

एजंटला एक खोड होती. अर्धं काम करून 'झालं' अशी खूण करायचा. भाऊने लिहिलं: 'जवळजवळ झालं म्हणजे झालं नाही.' शेठने ती ओळ उडवली. म्हणाला, ही काय भाषा आहे, आपले कस्टमर परदेशातले. भाऊने दुपारी ओळ परत टाकली. शेठने संध्याकाळी परत उडवली. असं आठवडाभर चाललं.

शेवटी ती राहिलीच, आणि परदेशातल्या कस्टमरने पत्र लिहून फक्त त्या एका ओळीचं कौतुक केलं. ऑफिसात पेढे आले. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, मला हे आधीपासूनच सुचत होतं. भाऊच्या शेजारी बसणारी किंजल सांगते, भाऊने पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि म्हणाला, आईला नेतो.

आईला पेढा मिळाला होता. कशाचा, ते आता कळलं.

*

भाऊ स्वतःची कामंही त्याच टूलमध्ये टाकायचा. किंजलने मला ती यादी दाखवली. 'डॉक्टरला छाती दाखवणे' हे काम आधी सगळ्यात वर होतं. रोज सकाळी भाऊ ते एक घर खाली सरकवायचा. वर यायचं शेठचं काहीतरी अर्जंट. टूल तसं प्रामाणिक. रोज आठवण करून द्यायचं. आणि रोज भाऊ त्याला सांगायचा, उद्या.

तो रिक्षातच गेला. दवाखाना दोन सिग्नलवर होता.

यादीत ते काम सगळ्यात खाली आहे. त्याच्याखाली काहीच नाही.

*

शेठ भेटायला आला. सतरंजीवर बसला, पाणी प्यायला, भाऊचं भरभरून कौतुक केलं. मग आईला विचारलं, लॅपटॉप इथेच आहे ना, त्यात एक पान असेल.

मी कॉलर धरली. बाबांनी मला बाजूला ओढलं, शेठची माफी मागितली, आणि लॅपटॉप दोन्ही हातांत धरून खाली त्याच्या गाडीपर्यंत नेऊन दिला. वर आले ते माझ्याकडे न बघता आत गेले.

*

आता गेल्या आठवड्यातलं.

शेठने ते राहिलेलं पान एजंटला दिलं. एजंटने आधी भाऊचं सगळं लिखाण वाचलं आणि थांबला. कारण भाऊने लिहून ठेवलंय की दुसऱ्याने हातात घेतलेलं काम त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. यादीत ते पान भाऊच्या नावावर आहे, 'चालू' म्हणून. त्यामुळे रोज सकाळी एजंट भाऊच्या फोनवर मेसेज पाठवतो. फोन माझ्याकडे आहे.

यादीतून भाऊचं नाव काढायला एक मिनिट लागतं. किंजलने नाही म्हटलं. तिच्यानंतर बाकीच्यांनीही नाही म्हटलं. आणि शेठला स्वतःला ते टूल चालवता येत नाही. भाऊने लिहिलेलं त्याने कधी पूर्ण वाचलंच नाही ना.

म्हणून त्याने मला फोन केला. आवाज एकदम गोड. "भाई, त्याच्या फोनवरून फक्त एवढं लिही. मी हे काम सोडलं. बस."

मी टेम्पो बाजूला घेतला. भाऊच्या फोनवर सकाळचा मेसेज उघडला. एवढं इंग्रजी मला भाऊनेच शिकवलं होतं.

'दिनेश, हे पान तुमच्याकडे आहे. तुम्ही ते करताय का?'

मी लिहिलं, 'करतोय.'

लगेच उत्तर आलं.

'ठीक आहे. मी थांबतो.'